क्रॅश गार्ड की फ्रेम स्लायडर?
ताम्हिणीच्या खडीवर बाइक हळू आडवी झाली, तर क्रॅश गार्डसारखा आधार नाही. त्याच्या लोखंडी नळ्या इंजिन आणि टाकी वाचवतात, पाय दबण्याची शक्यताही कमी होते. वजन मात्र काही किलोंनी वाढतं. फ्रेम स्लायडर म्हणजे फ्रेमला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लावलेला नायलॉनचा जाड ठोकळा. गुळगुळीत डांबरावर तो घासत जातो. खड्ड्यात अडकला तर गाडी उलटवू शकतो. ट्रॅकवर ठीक, आपल्या घाटांत गार्डच घ्या. पण एकाच बोल्टवर लटकणारा स्वस्त गार्ड नकोच, सगळा धक्का तिथे एकवटून फ्रेमच वाकू शकते. बसवताना इंजिनखाली जॅक लावा, इंजिन फ्रेमला जोडणाऱ्या माउंटचा एका वेळी एकच बोल्ट काढा आणि टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) कंपनीने दिलेल्या आकड्याइतकाच आवळा.