सिलिका टेस्ट किट: मत्स्यालयाला उत्तम, स्पंजाच्या प्रयोगाला अर्धवट

विरघळलेली सिलिका मोजायचं थेंब-बाटल्यांचं किट मुळात मत्स्यालयवाल्यांसाठी असतं. टाकीत तपकिरी डायटम (सिलिकाचं कवच करणारी एकपेशीय शेवाळं) का माजलेत हे त्यावरून कळतं, आणि तेवढ्या कामाला ते झकास आहे. समुद्री स्पंज हा प्राणी सांगाड्यासाठी पाण्यातून किती सिलिका उचलतो हे मोजायला मात्र त्यातलं रसायन ठेवावं आणि रंगतक्ता बाजूला सारावा.

रसायन चोख आहे. आम्लयुक्त मोलिब्डेट घातलं की सिलिसिक आम्लाशी (पाण्यात विरघळलेली सिलिका याच रूपात असते) पिवळं संयुग बनतं. त्याला दहा मिनिटं द्यायची. मग ऑक्झॅलिक आम्ल, जे फॉस्फेटपासून बनलेलं तसंच संयुग मोडतं. शेवटी एस्कॉर्बिक आम्लाची पूड, आणि निळा रंग चढतो. ऑक्झॅलिकच्या आधी एस्कॉर्बिक पडलं तर फॉस्फेटही निळं होतं. स्पंजाच्या उत्सर्जनाने बंद पाण्यातलं फॉस्फेट वाढत असतं, त्यामुळे सिलिका जास्त दिसते आणि स्पंजाने उचललेली कमी. ऑक्झॅलिक टाकून रेंगाळायचंही नाही, कारण सिलिकाचं संयुगही हळूहळू मोडू लागतं.

घोडं अडतं ते रंगतक्त्यावर. 1 मायक्रोमोलर (लिटरला एक मायक्रोमोल, म्हणजे मोलचा दशलक्षांश) म्हणजे लिटरला 0.06 मिलिग्रॅम सिलिका. चोवीस तासांत पातळी 50 वरून 45 मायक्रोमोलरवर आली, तर फरक 0.3 मिलिग्रॅमचा, म्हणजे 3.0 ऐवजी 2.7. या दोन निळ्या छटा डोळ्याने वेगळ्या करून दाखवाव्यात कुणी! पाणी कमी घेऊन फरक वाढवता येतो, पण मग प्राणवायू आधी संपतो, स्पंजाचं पाणी उपसणं मंदावतं आणि सिलिका घेणंही घटतं. त्यामुळे फोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) हवाच. या निळ्या रंगाचं शोषण 810 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं. लाल दिव्याचं हातातलं यंत्र चालतं, पण संवेदनशीलता कमी मिळते.

किटची मोजण्याची कक्षाही तपासून घ्या. डायटम काही मायक्रोमोलरवरच जोमाने सिलिका घेतात, स्पंजांना मात्र भरपूर लागते. हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया या स्पंजाच्या जातीचा सिलिका घेण्याचा वेग कमाल वेगाच्या निम्म्यापर्यंत चढायलाच सुमारे 46 मायक्रोमोलर लागतात. अनेक समुद्रांच्या पृष्ठभागावर 5 सुद्धा नसतात. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात 150 च्या वर असतात. म्हणून वेगाचा आलेख काढायला पाण्यात सिलिका मिसळून 5 ते 200 मायक्रोमोलरपर्यंत पायऱ्या कराव्या लागतात. 200 म्हणजे लिटरला 12 मिलिग्रॅम, आणि कमी कक्षेचं किट त्याआधी केव्हाच हात टेकतं. नमुना पातळ करायचा तर सिलिका अगदी कमी असलेल्या समुद्री पाण्यानेच. मिठामुळे निळा रंग थोडा फिका पडतो, त्यामुळे गोड्या पाण्यातल्या प्रमाण द्रावणांवर (ज्यांतली सिलिका आधीच ठाऊक असते) बेतलेलं वाचन खाऱ्या नमुन्याला कमी भरतं. प्रमाण द्रावणं त्याच क्षारतेच्या पाण्यात स्वतः करावीत. किटसोबतच्या पत्रकात हे बहुधा नसतं, आणि ही त्याची मोठी उणीव.

काच दूर ठेवा. नमुने प्लास्टिकच्या बाटलीत, गाळणी पॉलिकार्बोनेटची. काचतंतूंची गाळणी स्वतःच सिलिका सोडते. नमुने गोठवू नयेत, सिलिका साखळ्या करून बसते आणि मोलिब्डेटला दाद देत नाही. गोठवलेच असतील तर वितळवून दिवसभर ठेवून मगच मोजावेत. एरवी 4 अंशांवर, अंधारात.

प्रयोगाची पेटी अ‍ॅक्रिलिकची घ्या. स्पंज पाण्याबाहेर काढू नका. नलिकांत हवा अडकली की ऊती मरू लागते. अंगावरची शेवाळं खरवडा, पेटी अंधारात ठेवा, आणि शेजारी स्पंज नसलेली पेटी हवीच, नाहीतर डायटमनी खाल्लेली सिलिका स्पंजाच्या नावावर जमा होते.

हिशोब असा: स्पंजाच्या पेटीत 50 वरून 43, रिकाम्या पेटीत 50 वरून 49. निव्वळ घट 6 मायक्रोमोलर. पाणी 4 लिटर, म्हणजे 24 मायक्रोमोल. 24 तास आणि 40 मिलिलिटरचा स्पंज धरला, तर दर मिलिलिटरला तासाला 0.025 मायक्रोमोल. पाण्याचं आकारमान धरताना स्पंजाने व्यापलेली जागा वजा करा.

घेताना एस्कॉर्बिक आम्ल पुडीच्या रूपात असलेलंच किट निवडा. त्याचं द्रावण लवकर खराब होतं आणि रंग अर्ध्यावर थांबतो. वापरून झालेलं आम्लयुक्त मोलिब्डेट वेगळ्या डब्यात साठवा, टाकीच्या पाण्यात ओतू नका.