हिमालयन ४११ ला उंच हँडल: उद्यमनगरातील एका गॅरेजच्या कामाविषयी

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ या गाडीला मूळ हँडलपेक्षा सुमारे दोन इंच उंच आणि चालकाकडे किंचित अधिक वळलेले हँडल कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान गॅरेजमध्ये बसवून घेतले, त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. काम समाधानकारक झाले. मात्र दुकानदार हँडलच्या उंचीबद्दल जेवढे बोलतात, तेवढे क्लच वायर आणि ब्रेकच्या नळीबद्दल कोणी बोलत नाही, आणि हा बदल टिकतो की अंगाशी येतो हे त्याच दोन गोष्टींवर ठरते.

बसून चालवण्यापुरते मूळ हँडल पुरेसे आहे. अडचण येते ती उभे राहून चालवताना. गगनबावड्याच्या पुढे करूळ किंवा भुईबावडा घाटात रस्ता उखडलेला असला की फूटरेस्टवर उभे राहावे लागते, आणि सहा फुटांच्या आसपास उंची असलेल्या माणसाला मूळ हँडल धरण्यासाठी कमरेतून वाकावे लागते. यावरचा स्वस्त उपाय म्हणजे रायझर, म्हणजेच हँडल पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली बसणारे उंचवटे. ते हँडल फक्त वर उचलतात, त्याचा बाक बदलत नाहीत. शिवाय ओतीव ॲल्युमिनियमचे हलके रायझर घेण्यास माझे मन धजत नाही. एक इंचापर्यंतच उंची हवी असेल आणि वस्तू चांगल्या धातूची असेल, तर रायझर घ्यायला हरकत नाही, कारण तेवढ्या उंचीला बहुधा मूळ वायर पुरतात.

या गॅरेजमधील मिस्त्रींची पद्धत मला विशेष आवडली. त्यांनी नवे हँडल आधी क्लॅम्पमध्ये सैल धरून, त्यावर जुन्याच वायर आणि नळी लावून ते दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहिले. एक्सलेटर वायरची वाट थोडी बदलल्यावर ती पुरली. क्लच वायर मात्र एका बाजूला ताणली जात होती, म्हणून ती मोजून लांब करून घ्यावी लागली. पुढच्या ब्रेकची नळी सर्वांत महत्त्वाची. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत लिव्हरकडून निघालेली नळी थेट चाकाकडे न जाता आधी एबीएसच्या युनिटकडे जाते. त्यामुळे हँडल उंचावले की ताण येतो तो या पहिल्या तुकड्यावर, आणि तो हँडल पूर्ण वळवल्याशिवाय दिसत नाही. एक क्लिप सोडवून नळीला ढील मिळाली आणि ब्रेक ऑइलची यंत्रणा उघडावी लागली नाही. "ह्याच्यापेक्षा वर गेलासा तर नळीच बदलाय लागंल," असे मिस्त्रींनी स्पष्ट सांगितले. नळी बदलायची म्हणजे जोडांवरचे वॉशर नवे घालणे, डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल भरणे आणि त्यातील हवा पूर्ण काढणे आले. ते काम घाईचे नव्हे.

स्विचच्या डब्यांना आतून एक बारीक खुंटी असते आणि ती हँडलच्या छिद्रात बसते. बाजारातल्या हँडलला हे छिद्र नेमके तिथे असेलच असे नाही. अनेक ठिकाणी ती खुंटीच घासून टाकतात, मग काही दिवसांनी एक्सलेटरचा डबा हँडलवर फिरू लागतो. येथे खुणा करून छिद्र पाडले गेले. मूळ बार-एंडची, म्हणजे हँडलच्या टोकांना बसणारी वजने नव्या हँडलच्या पोकळीत बसत नव्हती, तेव्हा समोरच्या लेथवर ती टर्न करून आणली. इंजिनांच्या सुट्या भागांवर वाढलेल्या उद्यमनगरात असे काम करून मिळणे स्वाभाविकच म्हणायचे. ही वजने शोभेची नसतात, एकाच सिलिंडरच्या या इंजिनाची थरथर हातात कमी येण्यासाठी असतात. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल पुन्हा दोन्हीकडे वळवून दाखवले. तसे वळवताना इंजिनाचे आरपीएम (फेरे) वाढले, तर एक्सलेटर वायर ताणली जात आहे असे समजावे आणि गाडी ताब्यात घेऊ नये.

चालवण्याचा अनुभव संमिश्र आहे. घाटात आणि राधानगरीकडच्या खडबडीत रस्त्यांवर उभे राहणे आता सहज जमते, आणि मनगटावरचा भार जाणवण्याइतका कमी झाला आहे. पण कागल-निपाणीच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४८ वर वेग वाढवला की छाती वाऱ्याला अधिक सामोरी येते, मान लवकर दमते आणि पुढचे चाक पूर्वीपेक्षा हलके वाटते. शिवाय पाठ ताठ राहिल्यामुळे बसून चालवताना खड्ड्याचा धक्का हातांत न विभागला जाता थेट कण्यातून जातो. पाठदुखीवर उपाय म्हणून उंच हँडल सुचवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्यांचा बहुतेक प्रवास याच पुणे-बेंगळुरू महामार्गावर होतो, त्यांना मी हा बदल सुचवणार नाही.

हँडल, क्लच वायर, लेथकाम आणि मजुरी धरून खर्च चार हजारांच्या आत राहिला, आणि कामाच्या दर्जाच्या मानाने तो रास्त आहे. उणीव एकच: बिल मागितल्याशिवाय मिळाले नाही, आणि मिळाले तेही वहीच्या कागदावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरबदलांवर आहे आणि हँडलची उंची त्या प्रमाणपत्रात लिहिलेली नसते. तरीही वॉरंटीतील गाडी असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात आधी विचारावे, आणि विम्याच्या दाव्यात प्रश्न उपस्थित झाल्यास दाखवता यावे म्हणून सुट्या भागांच्या नावांसह नीट बिल घ्यावे. मूळ हँडल आणि जुनी क्लच वायर मिस्त्रींनी न मागता बांधून परत दिली.