तीन तास बसवलं, पण चपला काढायला लावल्या

आधी या कातडीच्या क्लिनिकचे स्टार सांगून टाकतो, चार. पाचवा का कापला ते पण सांगणार आहे, पण त्याआधी आत्याच्या बोटाची गोष्ट ऐका.

आम्ही हर्णैचे. आत्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मासळी घेते आणि सकाळी दापोलीत विकते, तीस वर्षं हेच. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला आणि तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शिंगाळ्याचा काटा लागला. ज्याला लागलाय त्यालाच कळतं, खांद्यापर्यंत ठणका, पण तो दोन दिवसांत उतरला आणि आम्ही विसरलो. तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी वाटाण्याएवढी जांभळट गाठ आली. मग मनगटाखाली दुसरी, मग कोपराकडे जाताना तिसरी, अगदी दोरी लावल्यासारखी एका रेषेत. दुखत नव्हतं म्हणून ती दाखवायला तयारच नाही.

शेजारच्या काकी म्हणाल्या नागीण चढतेय, तोंडाला शेपूट मिळायच्या आत काहीतरी करा. गेरू लावून झाला. एका ठिकाणी अँटीबायोटिकचे दोन कोर्स झाले, मेडिकलवाल्याने ती खाज-बुरशी-सूज सगळ्यावर चालणारी ट्यूब दिली, तिने आठवडाभर गाठ बसल्यासारखी वाटली आणि मग दुप्पट जोरात वर आली (त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं हे आम्हाला नंतर कळलं). अजून एका ठिकाणी हातावरची गाठ लांबूनच बघून टीबी सांगितला. नावं घेत नाही, उगाच भांडण नको.

शेवटी या क्लिनिकला आलो. डॉक्टर मॅडम आठवड्यातून दोनच दिवस येतात, त्यामुळे गर्दी मरणाची. आम्ही साडेदहाला नंबर लावला आणि दीड वाजता आत गेलो, त्यात जिना अरुंद, पहिला मजला, आत्याचे गुडघे दुखतात, बसायला सहा खुर्च्या आणि माणसं पंचवीस. काउंटरवरची मुलगी फोनवरून मान वर करत नाही. पाचवा स्टार इथे गेला. आणि यूपीआय चालत नाही, रेंजच नाही तिथे, रोख घेऊन जा.

पण आत गेल्यावर मॅडमनी गाठ बघायच्या आधी विचारलं, "मावशी, काम काय करता?" एवढंच. दोन महिने चार जणांना हात दाखवला, एकानेही हे विचारलं नव्हतं. आत्या म्हणाली मासळी विकते. मग काटा कधी लागला, कुठल्या माशाचा, हात कुठल्या पाण्यात असतो, घरात कोणाला खोकला आहे का, बागेत गुलाबाचा वगैरे काटा लागला का, सगळं विचारलं, आणि मग दोरीसारख्या गाठी खालून वर चाचपत गेल्या. नागीण नाही म्हणाल्या. नागिणीला आग होते, पाण्याचे फोड येतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत खपल्या धरतात, ही तर दुखतही नाही आणि दोन महिने नुसती चढतेच आहे. अशी रेषेत चढणारी गाठ दोन गोष्टींची असू शकते, एक काट्यातून आत जाणारी बुरशी आणि दुसरा माशाच्या पाण्यात राहणारा टीबीचा लांबचा भाऊ. त्याचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, मायकोबॅक्टेरियम मरिनम.

मग बायोप्सी. आत्या घाबरली, तिला वाटलं हात कापणार. प्रत्यक्षात बोटाला बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि पेनाच्या रिफिलसारख्या गोल पात्याने दोन बारीक तुकडे घेतले, एक-एक टाका. तुकडे दोन का, तर एक फॉर्मलिनच्या बाटलीत, तो मायक्रोस्कोपखाली बघायला, आणि दुसरा नुसत्या सलाईनमध्ये, कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. आणि लॅबच्या फॉर्मवर त्यांनी लाल पेनाने लिहिलं की ३० डिग्रीला पण ठेवा. हा जंतू ३० च्या आसपास वाढतो, आपल्या अंगाचं ३७ त्याला मानवत नाही, म्हणून तो गार पडणाऱ्या हाता-पायांच्या कातडीत बसतो, सहसा आत पोटात-छातीत जात नाही. लॅबने नेहमीसारखं फक्त ३७ ला ठेवलं तर काहीच उगवत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. हे ऐकून मी तिथेच गार पडलो.

पहिला रिपोर्ट दहा दिवसांनी आला, ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूभोवती जमलेल्या पेशींची गाठ, आहे पण टीबीसाठी रंग लावून बघतात त्यात जंतू दिसले नाहीत. मॅडम म्हणाल्या असंच असतं, या आजारात बऱ्याचदा दिसत नाहीत, कल्चरची वाट बघू. काट्याची हकीकत आणि हा रिपोर्ट जुळतोय म्हणून गोळ्या तेव्हाच सुरू केल्या, क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल. इथॅम्ब्युटॉलने नजरेवर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी डोळे तपासून घ्यायला लावले, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का वगैरे. कल्चर पाचव्या आठवड्यात आलं, तोच जंतू. आता चौथा महिना चालू आहे, कोपराकडची गाठ गेली, बोटावरची चपटी झालीय. गाठी पूर्ण गेल्यावरही एक-दोन महिने गोळ्या चालू ठेवायच्या आहेत. आत्याची एकच तक्रार, तोंड कडू होतं आणि स्वतःच्या हातचं कालवण बेचव लागतं. हातमोजे घाला सांगितलंय, त्यावर ती म्हणते, "मोजे घालून कोलंबी सोलून दाखव तू." मुद्दा बरोबर आहे तिचा, पण निदान मासळी उचलताना तरी घालते आता.

खरी गोष्ट पुढे आहे. बोट बघून झालं, मी उठलो, तर मॅडम म्हणाल्या थांबा, चपला काढा. आत्या लाजली, दिवसभर चिखलात फिरलेले पाय. तर डाव्या तळपायाला टाचेजवळ पेन्सिलच्या मागच्या टोकाएवढा काळा डाग, आम्हा कोणालाच माहीत नव्हता. आपल्याकडे तळपाय कोण बघतो. मॅडमनी सांगितलं की आपल्यासारख्या सावळ्या कातडीत मेलानोमा, म्हणजे कातडीचा काळा कॅन्सर, जास्त करून तळपाय, तळहात आणि नखाखाली सापडतो, त्याचा उन्हाशी संबंध दिसत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. आमच्या बारक्याच्या टी-शर्टवर ज्याचा फोटो आहे त्या गायक बॉब मार्लेचं तेच झालं, १९७७ मध्ये पायाच्या बोटात सापडला आणि १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी, गेला.

त्यांनी डर्मोस्कोप लावला, म्हणजे लाइटवालं भिंग, आणि मला पण बघू दिलं. तळपायाला बोटांच्या ठशासारख्या रेषा असतात ना, काळा रंग त्या रेषांच्या खाचेत भरलेला असेल तर बहुतेक साधा तीळ, उंचवट्यावर असेल तर धोका, लगेच बायोप्सी. आत्याचा खाचेत होता. फोटो काढून ठेवला, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाल्या.

मग कंबर. परकराच्या नाडीचा काळा, जाड झालेला पट्टा आणि त्यात एक भेग. मॅडम म्हणाल्या नाडी सैल बांधा, रुंद पट्टा लावा, रोज एकाच जागी बांधू नका, आणि ही भेग महिन्याभरात भरली नाही तर परत या. घरी येऊन मी मोबाईलवर शोधलं, तर धोतराच्या गाठीने कंबरेला होणारा कॅन्सर मुंबईत खानोलकर आणि सूर्याबाई या संशोधकांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलाय. ऐंशी वर्षं झाली आणि आमच्या घरातल्या चार बायकांपैकी एकीलाही माहीत नव्हतं, रात्रीच सगळ्यांच्या नाड्या बदलल्या.

कन्सल्टिंग पाचशे, बायोप्सी आणि कल्चर मिळून साडेसहा हजार गेले, महाग आहे, पण आधीच्या ट्यूबा-गोळ्यांचा हिशोब केला तर फार फरक नाही. मॅडम बोलतात फटाफट, त्यामुळे सोबत कोणीतरी लिहून घेणारं माणूस न्या. सकाळी नऊच्या आत नंबर लावा. आणि बायकांनो, जाताना नेलपॉलिश काढून जा, नखंही बघतात, आत्याबरोबर गेलेल्या वहिनीला परत खाली पाठवलं होतं, रिमूव्हर आणायला.