वस्तीतलं सामूहिक पाळणाघर : काही महिने वापरल्यानंतरचं मत

हातावर पोट असलेल्या आयांसाठी वस्तीतच चालवलेलं पाळणाघर किती उपयोगाचं, हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. मुलं आजारी पडायला लागली, कामाच्या पाळ्या बदलल्या, सांभाळणारी ताई रजेवर गेली, की खरी परीक्षा सुरू होते. काही महिन्यांच्या वापरानंतर आमचं मत ठाम झालंय: आईच्या हातात चार पैसे जास्त पडतील की नाही, हे पाळणाघराच्या वेळेवर आणि ताईच्या पगारावर ठरतं. खेळणी, रंगवलेल्या भिंती वगैरे नंतर.

आधी वेळ. काम नऊ ते पाच, पाळणाघरही नऊ ते पाच, तर जाण्यायेण्याचं काय? पहिली पाळी सुरू होण्याच्या वेळेतून प्रवास वजा करा, आणखी अर्धा तास मागे या. ती उघडायची वेळ. बंद करतानाही हाच हिशेब उलटा. तो अर्धा तास नसला की आई जादा काम नाकारते, उशिरा पोचून पैसे कापले जातात आणि शेवटी ती घरबसल्या नगावर मिळणाऱ्या कमी मजुरीकडे वळते. किंवा मोठ्या मुलीची शाळा बुडते, हे तर फारच वाईट. हजेरीवहीत मूल आल्या-गेल्याची वेळ आणि न्यायला कोण आलं हे रोज लिहा. न्यायला पुन्हा पुन्हा बहीणच येत असेल, तर पाळणाघराची वेळ चुकलेली आहे असं समजा.

घराजवळ की कामाजवळ? वर्षाच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळासाठी कामाजवळ. 1919 च्या आंतरराष्ट्रीय प्रसूतिसंरक्षण करारातच स्तनपानासाठी कामाच्या वेळेत अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या आहेत. पण पाळणाघर चालत पाच मिनिटांवर नसेल तर त्या सुट्टीचा उपयोग शून्य. मोठ्या मुलांसाठी मात्र घराजवळचंच बरं. गर्दीतून मूल न्यावं लागत नाही आणि काम बदललं तरी पाळणाघर सुटत नाही.

आता ताई. बहुतेक पाळणाघरं इथेच मोडतात. रोजच्या हजेरीवर फी घेतली की काम नसलेल्या दिवसांत मुलं येत नाहीत, ताईची कमाई घटते, ती दुसरं काम धरते. नव्या ताईकडे मुलं रडतात आणि दोन-चार आयांचे खाडे होतात. उपाय एकच: ताईचा मूळ पगार कायम ठेवायचा, तो अनुदान किंवा मालकवर्गाच्या वाट्यातून द्यायचा, आणि आयांची फी मजुरी मिळते त्या दिवशी, जागा राखण्यासाठी घ्यायची. कोलंबियात वस्तीतल्या बायकांनी घरात पाळणाघर चालवायची सरकारी योजना 1980 च्या दशकात सुरू झाली. त्या ‘सामुदायिक मातां’ना रीतसर नोकरीचा करार आणि किमान वेतन मिळायला 2014 उजाडलं. एका आईच्या कमाईसाठी दुसरीने अर्ध्या पैशात राबावं हे बरोबर नाही, आणि ते टिकतही नाही.

आजारपणाचे नियम लेखी हवेत. साध्या सर्दीला मूल घरी पाठवू नका; नाक वाहायच्या आधीच लागण पसरलेली असते, आईची मजुरी मात्र नक्की बुडते. जुलाब-उलट्या असतील तर थांबल्यापासून 48 तास घरी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप म्हणजे थेट दवाखाना. कपडे बदलायची जागा पुसायला 5 टक्क्यांच्या ब्लीचचा 1 भाग आणि पाण्याचे 49 भाग. हे मिश्रण रोज ताजं करा, शिळ्यात दम राहत नाही. झोपायच्या गाद्यांत 3 फूट अंतर ठेवा, नाहीच जमलं तर एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांकडे. बाळ नेहमी पाठीवर, उशीशिवाय.

काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटलीवर नाव आणि काढल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी हवीच. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते 4 तास टिकतं, उकाड्यात त्याहून कमी. उष्टं उरलेलं दूध 2 तासांनंतर ओतून टाका. चिठ्ठी नसलेली बाटली कुणालाच पाजू नका.

मूल रुळायला आठवडा लागतो आणि तो बिनपगारी जातो, म्हणून काम सुरू होण्याआधीच उरकून घ्या. पहिल्या दिवशी आई सोबत तासभर, दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास बाहेर, मग रोज थोडं वाढवत पूर्ण दिवस. आई लपून निघून गेली की मूल तिला सोडतच नाही, सांगून जावं.

एका ताईकडे वर्षाच्या आतली तीनपेक्षा जास्त बाळं देऊ नका. आग लागली तर दोन हातांत दोनच मावतात, तिसऱ्यासाठी मदतनीस जवळ लागते. दुसरी मदतनीस ठेवणं परवडत नसेल, तर तान्ह्या बाळांच्या जागा कमी करा. ताई एकच ठेवून मुलं वाढवू नका.