प्रिमरोझ की इव्हिनिंग प्रिमरोझ? सोलापूरच्या बागेत काय लावावं

नर्सरीत 'प्रिमरोझ' मागितलं की दोन अगदी वेगळी रोपं हातात पडू शकतात. पैसे देण्याआधी पाकळ्या मोजा. खऱ्या प्रिमरोझला, म्हणजे प्रिम्युलाला, पाच पाकळ्या असतात, प्रत्येकीच्या टोकाला खाच. पानं सुरकुतलेली, मातीलगत गोल पसरलेली. इव्हिनिंग प्रिमरोझला पाकळ्या चार, आणि मधोमध गुणाकाराच्या खुणेसारखं स्त्रीकेसराचं टोक. दोघींचं नातं फक्त नावापुरतं, कुळं वेगळी.

प्रिम्युला मुळात युरोपातल्या ओलसर, अर्धसावलीच्या रानांतली. तिच्या कितीतरी बहिणी हिमालयात वाढतात. आपल्याकडे एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. शेडनेट बांधा, दिवसातून तीनदा पाणी द्या, मे महिना ती काढत नाही. बी पेरायच्या फंदातही पडू नका. उगवायला 15 ते 20 अंशांचा गारवा लागतो आणि पुढे महिनोन्महिने वाट पाहावी लागते. डिसेंबरात तयार रोप आणावं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मुरलेलं शेणखत घातलेल्या कुंडीत, पूर्वेच्या गॅलरीत ठेवावं. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ती भरात असते, होळीच्या सुमारास थकते. तेवढ्या दिवसांसाठीही मला ती हवीशी वाटते. मात्र ओबकोनिका जातीची पानं हाताळून काहींच्या अंगावर खाजरं पुरळ उठतं. घरात लहान मुलं असतील तर ती जात टाळा.

इव्हिनिंग प्रिमरोझ अमेरिकेतली. पिवळी जात पहिल्या वर्षी नुसती पानं धरते, फुलं दुसऱ्या वर्षी. म्हणजे मध्ये सोलापूरचा एक अख्खा उन्हाळा. गुलबक्षीसारखी ती दिवस कलताना उमलते आणि रात्री पतंग तिच्यावर येतात. गुलाबी जात जास्त चिवट. उन्हाच्या तडाख्यात पानं वाळली तरी मुळं जमिनीखाली तग धरतात, आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरालाही ती परवडते.

तिला खरी भीती आपल्या काळ्या मातीची. सप्टेंबरच्या पावसात पाणी साचलं की मुळं कुजतात. म्हणून मुरूम आणि वाळू मिसळून वीतभर उंच वाफा करा. कडेला फरशी उभी गाडा, कारण ती जमिनीखालून पसरते आणि शेजारच्या शेवंतीची जागा बळकावते.

गॅलरीच असेल तर प्रिम्युला घ्या, दरवर्षी नवी आणायची तयारी ठेवून. अंगण असेल आणि खर्च एकदाच करायचा असेल, तर गुलाबी इव्हिनिंग प्रिमरोझ. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस लावा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खोल जातात.