पाम स्प्रिंग्जला एकच मोकळा दिवस: जोशुआ ट्री की इंडियन कॅन्यन्स?

भारतातून आई-बाबा आले की लॉस एंजेलिसच्या आसपास राहणारे आपण कधी ना कधी त्यांना पाम स्प्रिंग्जला नेतोच. दोन रात्रींचं बुकिंग, त्यात खरा मोकळा दिवस एकच. तिथला ट्रामवे, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, मी या तुलनेत धरत नाही. तो दहा मिनिटांत 8,516 फुटांवर पोचवतो, अर्ध्या दिवसात उरकतो आणि सगळ्यांच्या यादीत आधीच असतो. उरलेल्या दिवसाचं काय, हा खरा प्रश्न. मी दोन्ही ठिकाणी आई-बाबांना घेऊन गेलोय, दोन वेगवेगळ्या वर्षी, दोन्ही वेळा मार्चमध्ये.

जोशुआ ट्री नॅशनल पार्क भव्य आहे, त्यात वाद नाही. ज्यांनी हंपी पाहिलंय त्यांना तिथल्या गोलसर ग्रॅनाइटच्या राशी बघून एकदम ओळखीचं वाटेल. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं या पार्कात एकमेकांना भिडतात, आणि ते गाडीतूनच दिसतं: उंचावर जोशुआची झाडं, खाली उतरत गेलं की ती संपतात आणि काटेरी चोया निवडुंगाचं रान लागतं. कीज व्ह्यू या उंच जागेवरून हवा स्वच्छ असेल तर सॅल्टन सी या खाऱ्या तलावापर्यंत नजर जाते. रात्री थांबता आलं तर आकाशाबद्दल मी काय सांगणार! तरुण मंडळी असाल, खडक चढायची हौस असेल, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माझं घोडं अडलं ते सावलीवर. जोशुआ हे नावापुरतंच झाड. खरं तर तो युक्का. फांद्यांच्या टोकांना टोकदार पात्यांचे झुपके, त्यांच्याखाली माणूस उभा राहील एवढी सावली पडतच नाही. शिवाय बघण्याची ठिकाणं एकमेकांपासून लांब. गाडी लावा, उन्हात चाला, परत गाडीत, पुढचा थांबा. तिसऱ्या थांब्याला बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी बसतो इथेच." आम्ही हिडन व्हॅलीची मैलभराची फेरी मारली खरी, पण माझं अर्धं लक्ष गाडीकडे. फोनला रेंज नाही, त्यामुळे बरे आहात ना, एवढं विचारायचीही सोय नव्हती. आणि पाणी संपलं तर आत विकत मिळत नाही. बाबांनी तक्रार केली नाही, पण तो दिवस त्यांनी काचेतून पाहिला, ही रुखरुख मला राहिली.

पुढच्या खेपेला इंडियन कॅन्यन्स. ही आग्वा कॅलिएंते काहुइया या मूळ अमेरिकन जमातीची जमीन, आजही त्यांच्याच ताब्यातली. म्हणून नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. शहरातून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातल्या अँड्रियास कॅन्यन या दरीची वाट साधारण दीड किलोमीटरची, आणि बरीचशी पाण्याच्या कडेने. सॅन हासिंतो डोंगर पश्चिमेचा पाऊस अडवतो, म्हणून खालचं खोरं कोरडं. आपल्याकडे सह्याद्रीच्या पलीकडे माणदेश आहे तसंच. पण त्याच डोंगरावरचं बर्फ वितळून ओढा होऊन इथे उतरतं, आणि त्यावर फॅन पाम वाढतात. पानं आपल्या ताडासारखी पंख्याच्या आकाराची. वाळलेली पानं गळून न पडता बुंध्याभोवती झावळ्यांचा झगा होऊन लोंबत राहतात. त्यांच्याखाली खरीखुरी गार सावली.

वाटेत एका सपाट कातळात खोलगट खड्डे दिसले. काहुइया बायका त्यात बिया कुटायच्या. आई खाली वाकली, खड्ड्यात हात घालून आतून फिरवला. "किती गुळगुळीत झालंय बघ. उखळच आहे हे," म्हणाली, आणि बाबांनाही हात घालायला लावला. मग दोघं ओढ्याकाठी दगडावर अर्धा तास बसून होते. चला म्हणायची घाई कोणालाच नव्हती.

उणं आहेच. संध्याकाळी पाचला बंद होतं, म्हणजे सूर्यास्त नाही, तारे नाहीत. उन्हाळ्यात शुक्रवार ते रविवार असे तीनच दिवस उघडं असतं. जोशुआसारखा विस्तार तर नाहीच. फोटो बघून कोणी थक्क होणार नाही.

तुमचे आई-बाबा माझ्या बाबांपेक्षा जास्त चालणारे असतील, तर गणित वेगळं ठरू शकेल. माझ्यापुरतं सांगायचं तर यंदा सासू-सासरे येतायत, आणि मी अँड्रियासच ठरवलंय. सकाळी आठला फाटक उघडतं, तेव्हाच पोचायचं. दहानंतर ओढ्याकाठच्या बसायच्या जागा भरतात.