थ्रीएमचं ड्रिलवर चालणारं हेडलाइट किट: घासायला उत्तम, टिकवायला अपुरं

हेडलाइटची पुढची काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक. त्यावर कारखान्यात एक पातळ, कठीण कोटिंग चढवलेलं असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते खराब झालं की काच पिवळी, धुरकट दिसते. हे जुनं कोटिंग पूर्ण उतरवलं नाही तर कितीही कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) चोळा, चमक चार दिवसांची. थ्रीएमचं किट आवडतं ते यासाठीच. सुरुवात थेट पी५०० च्या सँडपेपरच्या चकत्यांनी (आकडा जितका मोठा, तितका कागद बारीक), मग पी८००, मग ३००० चं ट्रायझॅक्ट हे अगदी बारीक घासणारं पॅड आणि शेवटी स्पंजच्या पॅडवर रबिंग कंपाउंड. चकत्यांचा होल्डर साध्या ड्रिलमध्ये बसतो.

हेडलाइट आधी साबणाने स्वच्छ धुवा. भोवतीच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर हवेतच. एक थर चकतीची कड सहज फाडते आणि बॉनेटच्या कडेचा रंग उडतो.

खरं काम पी५०० वर ठरतं. ही पायरी कोरडी करायची. ड्रिल १२०० ते १६०० आरपीएमच्या आसपास, चकती सपाट, हात सतत फिरता. आधी पिवळट भुकटी निघते. ती पांढरी होऊन सगळी काच एकसारखी दुधी दिसू लागली की कोटिंग गेलं. मधेच नकाशातल्या बेटासारखी कड दिसत असेल तर तिथे ते अजून शिल्लक आहे. तोवर पी८०० हातात घेऊ नका. एका जागी दाबून धरलं तर उष्णतेने प्लास्टिक मऊ पडतं आणि तिथे कायमचा डाग राहू शकतो. चकती भुकटीने भरली की लगेच बदला, कारण ती मग घासत नाही, फक्त तापवते.

पी८०० ने ५०० चे ओरखडे काढायचे, बाकी काही नाही. बहुतेकांची घाई इथेच नडते. ओली काच छान दिसते, कारण पाणी ओरखडे भरून टाकतं. म्हणून कोरडी पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा. एकही जाड रेघ उरली तर ती ३००० ने जात नाही, कंपाउंडने तर नाहीच. ३००० चं पॅड मात्र सतत पाणी मारत चालवा. कंपाउंड थोडंसंच घ्या आणि ड्रिल सुरू करण्याआधी पॅडने काचेवर पसरवा, नाहीतर सगळं अंगावर उडतं.

अरुंद कोपऱ्यांत चकती पोचत नाही. तिथे ८००, १०००, १५००, २००० चे वॉटर पेपर हाताने, पाण्यासोबत, प्रत्येक पेपरला दिशा बदलून.

आता मोठी उणीव. साध्या पॅकमध्ये यूव्ही (अतिनील किरणांपासून वाचवणारं) कोटिंग नाही. मूळ संरक्षण आपणच घासून काढलेलं असतं. उघडं पॉलिकार्बोनेट काही महिन्यांतच पुन्हा पिवळं पडू लागतं. मेणाने हे भागत नाही. हेडलाइटसाठीचं यूव्ही कोटिंग वेगळं घ्यावंच लागतं आणि किटची तुलना करताना तो खर्च धरायला हवा. कोटिंगआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कंपाउंडचा तेलकटपणा पूर्ण काढा, नाहीतर थर धरत नाही. थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको, त्याने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. स्प्रेचं क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारणार असाल तर डब्यावर सांगितलेल्या ग्रेडलाच थांबा. खूप गुळगुळीत काचेवर त्याची पकड कमी बसते.

धुरकटपणा आतून असेल किंवा आत पाणी शिरत असेल तर हे किट घेऊ नका. तिथे सील उघडून दुरुस्ती किंवा नवा हेडलाइट, एवढाच मार्ग आहे.